समलिंगी जोडीदारासोबत जॉइंट अकाउंट: फॉर्म भरताना काय बघायचं

सर्वोच्च न्यायालयाने 17 ऑक्टोबर 2023 ला समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली. मात्र अशा जोडप्यांच्या रोजच्या अडचणी बघायला कॅबिनेट सचिवांची समिती नेमू, हे केंद्राचं म्हणणं नोंदवून घेतलं. पुढे अर्थ मंत्रालयाचं 28 ऑगस्ट 2024 चं पत्रक आलं: एलजीबीटीक्यू व्यक्तींना जॉइंट अकाउंट उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही. खरं तर ती आधीही नव्हती. आता काउंटरवर दाखवायला कागद आहे, एवढाच फरक. त्याची प्रिंट फाइलमध्ये ठेवाच.

दोघांचं पॅन, आधार आणि फोटो लागतात. फॉर्ममध्ये खातं कोण चालवणार या रकान्यात ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ (दोघांपैकी कोणीही, किंवा मागे राहिलेला) वर खूण करा. घाईत ‘जॉइंटली’ वर खूण झाली तर प्रत्येक चेकवर दोघांच्या सह्या लागतात, आणि एक जण गेला की दुसऱ्याला मृताच्या वारसांच्या सह्यांसाठी फिरावं लागतं. मुदत ठेवीचा फॉर्म वेगळा भरावा लागतो. जोडीदाराच्या मृत्यूनंतर मुदतीआधी ठेव मोडता यावी, अशी दोघांच्या सहीची सूचना त्याच वेळी देऊन ठेवा. नंतर ती देणार कोण?

जॉइंट खात्यात जोडीदार नॉमिनी नसतो, तो खातेदारच असतो. तिथला नॉमिनी दोघंही गेल्यावरच पुढे येतो, म्हणून तिथे तिसरं नाव द्या. तुमच्या एकट्याच्या खात्यावर मात्र जोडीदाराचं नाव लावा. नॉमिनीच्या फॉर्मवर नात्याचा रकाना ‘असल्यास’ या शब्दासह येतो. तिथे ‘मित्र’ किंवा ‘जोडीदार’ लिहिलेलं चालतं. ‘चुलत भाऊ’ वगैरे खोटं लिहू नका, पैसे मागताना तेच अंगाशी येतं. पोच घ्या आणि पासबुकवर नॉमिनीची नोंद झाली का, तेही बघा. 1 नोव्हेंबर 2025 पासून एका खात्याला चारपर्यंत नॉमिनी देता येतात. एकाच वेळी अनेक असतील तर टक्केवारीची बेरीज 100 यायला हवी.

शाखेत ‘नवरा-बायकोच लागतात’ असं ऐकवलं तर वाद घालू नका. नकार लेखी मागा. बहुतेकदा तिथेच सूर बदलतो. नाहीच बदलला तर बँकेकडे लेखी तक्रार करा, आणि 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. त्याला फी नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो पुढे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक त्याच्या हाती पैसे देऊन मोकळी होते, पण आई-वडील, भावंडं असे कायदेशीर वारस ते पैसे त्याच्याकडून मागू शकतात. म्हणून नॉमिनेशनसोबत मृत्युपत्र हवंच. स्टँप पेपर लागत नाही. तुमची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात, मात्र जोडीदाराला साक्षीदार करू नका. साक्षीदार शक्यतो तुमच्यापेक्षा वयाने लहान निवडा, म्हणजे वेळ येईल तेव्हा कोर्टात उभे राहतील. नोंदणी सक्तीची नाही, पण घरच्यांचा विरोध असेल तर दुय्यम निबंधकाकडे ती करून घ्या. त्याच दिवशीचं, शुद्धीवर असल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्रही जोडा. पीएफचं नॉमिनेशन वेगळं: तुमच्यावर अवलंबून असलेले आई-वडील असतील तर तिथे जोडीदाराचं नाव टिकत नाही.

करातही एक खाच आहे. पती-पत्नीमधली भेट करमुक्त, तुमची नाही. वर्षात 50,000 रुपयांच्या वर भेट गेली की घेणाऱ्याला पूर्ण रकमेवर कर लागतो, फक्त वरच्या भागावर नव्हे. मृत्युपत्राने मिळालेल्या रकमेवर हा कर नाही.

रेशन कार्डासाठीही केंद्राने 2024 मध्ये राज्यांना कळवलं आहे की असे जोडीदार एकाच कुटुंबातले धरावेत. अर्ज करण्याआधी आई-वडिलांच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला काढा; एकच नाव दोन कार्डांवर दिसलं की अर्ज अडकतो.