छानह्वा शिकताना: आधी पानं, मग फुलं

छानह्वा शिकायला बसलेल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी पिओनीचं भरगच्च पाकळ्यांचं फूल करायचं असतं. माझं आग्रहाचं सांगणं आहे, सुरुवातीला फक्त पानं करा. पुठ्ठ्यावर रेशीम गुंडाळून करायच्या या चिनी फुलांत पान आणि पाकळी एकाच रीतीने घडतात. ती रीत हातात बसली की पुढे उरते ती जुळणी.

मी तैवानला, शिंचूमध्ये शिकत असताना हे काम शिकले. तिथल्या हाक्का आणि मिन्नान या मूळच्या दक्षिण चीनमधल्या समाजांत लग्नकार्यात बायका ही लाल फुलं केसांत माळत आल्या आहेत. नवरीचं फूल वेगळं, सासूबाईंचं वेगळं. चीनमध्ये फूजियानचा दक्षिण भाग आणि हूबे प्रांतातलं यिंगशान या कलेसाठी ओळखलं जातं. २०१८ च्या ‘यानशी पॅलेस’ या चिनी मालिकेत गाजली ती मात्र नानजिंगची रोंगह्वा फुलं. ती तारेत रेशमाचे तंतू पिळून करतात, त्यामुळे मखमलीसारखी दिसतात. व्हिडिओ बघताना दोन्हींची सर्रास गल्लत होते, तेव्हा सामान आणण्याआधी काय शिकायचंय ते ठरवा.

सामान मोजकंच लागतं. लग्नपत्रिकेइतका जाड पुठ्ठा. २५० ते ३०० जीएसएमचं आयव्हरी कार्ड छान चालतं. मोटर वाइंडिंगच्या दुकानातली ३० गेजची तांब्याची तार, बारीक टोकाची कात्री, चिमटा, फेविकॉल. पीळ नसलेल्या अस्सल रेशमाची चकाकी औरच, पण सरावाला बांगड्यांवर गुंडाळतात तो स्वस्त कृत्रिम रेशमी धागा घ्या. बसण्याआधी नखं घासा, हाताला क्रीम चोळून ते पूर्ण मुरू द्या. खरखरीत बोटाला तंतू अडकला की धागा फुलारतो, आणि फुलारलेला धागा पुन्हा चमकत नाही.

आता पान. अर्ध्या पानाच्या आकाराचे दोन तुकडे कापा, एक कड जवळजवळ सरळ, दुसरी फुगीर. तारेवर ते एकापुढे एक लावायचे, मधे दोनेक मिलिमीटर जागा सोडून. दोन्हींच्या फुगीर कडा तारेच्या एकाच बाजूला हव्यात, तरच रेशीम गुंडाळून झाल्यावर मधे दुमडलं की सरळ कडा एकमेकींना भिडतात आणि पानाची मधली शीर आपोआप उमटते. कापलेली कड करवतीसारखी राहिली तर तिचा प्रत्येक दाता रेशमातून दिसतो. म्हणून मी गुंडाळण्यापेक्षा कापण्याला जास्त वेळ देते.

गुंडाळताना टोकापासून पोटाकडे, म्हणजे रुंद भागाकडे, जाणं सोपं. धागा मागे सरकला तरी आधीच्या वेढ्याला टेकून घट्ट बसतो. खरी कसोटी पोट ओलांडल्यावर लागते. भोवऱ्याला जाळी गुंडाळताना ती निमुळत्या बाजूला घसरते ना, तसाच धागा पुढच्या टोकाकडे पळतो, वेढे विरळ होतात आणि मधून पुठ्ठा डोकावतो. तिथे ताण किंचित सैल करा, धागा थोडा मागे झुकवून धरा आणि टोकाजवळ टाचणीने फेविकॉलचा पुसटसा थर द्या. जास्त झाला तर रेशमावर डाग उमटतो, तो निघत नाही. धाग्यात पीळ भरत असेल तर धागा फिरवण्याऐवजी पुठ्ठा फिरवून बघा. मला स्वतःला तसंच जमतं. शेवटी चिमट्याच्या गुळगुळीत पाठीने हलकेच घासलं की वेढे एका पातळीत येतात.

जुळणीत आतल्या लहान पाकळ्या आधी, मोठ्या नंतर, आणि सगळ्यांच्या तारा एकाच धाग्याने देठाला बांधायच्या. पाकळ्यांना बाक मात्र बांधून झाल्यावर बोटांनी द्या.

आपल्याकडच्या पावसाळ्यात पुठ्ठा सर्द होतो, फुलं झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. आणि एखाद्या चिनी मैत्रिणीसाठी करणार असाल तर पांढरं करू नका. केसांतलं पांढरं फूल तिकडे दुखवट्याचं असतं.