बेटावरच्या गावाने सौरविजेसाठी पैसा कसा उभा करावा

मुंबईजवळच्या घारापुरी बेटाला वीज पोहोचली फेब्रुवारी २०१८ मध्ये. समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटर केबल टाकली, २५ कोटी रुपये खर्च झाला. तोवर शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर या तिन्ही वस्त्यांना संध्याकाळचे काही तास जनरेटर, एवढीच वीज ठाऊक होती. मी उरणची. ग्रामपंचायतींचे प्रस्ताव आणि अंदाजपत्रकं तयार करून देणं हे माझं काम. "केबल आलीय, मग सौर कशाला?" हा प्रश्न मला नेहमी ऐकू येतो. माझं म्हणणं उलट आहे. केबल आली म्हणूनच आता सौरसाठी पैसा मिळणं सोपं झालंय.

कारण छतावरच्या सौर पॅनेलसाठीच्या 'पीएम सूर्यघर' या केंद्राच्या योजनेचं अनुदान वीज कंपनीच्या ग्रिडला, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्याला, जोडलेल्या घरालाच मिळतं. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे जास्तीत जास्त ७८ हजार रुपये. लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबारला हाच दर दहा टक्क्यांनी जास्त आहे. ज्या बेटावर ग्रिडच नाही, त्याने या दारात वेळ घालवू नये. तिथे बॅटरीसह सामाईक प्रकल्पाचा प्रस्ताव जिल्हा नियोजन समितीकडे किंवा महाऊर्जा या राज्याच्या अपारंपरिक ऊर्जा संस्थेकडे न्यावा.

ग्रिड असेल तर अर्ज भरायला योजनेच्या पोर्टलवर जाण्याआधी लाइट बिल हातात घ्या आणि नाव वाचा. बेटावरच्या घरांचं मीटर बऱ्याचदा वारलेल्या आजोबांच्या नावावर असतं, घरपट्टीचा नमुना ८ काकांच्या नावावर आणि बँक खातं सुनेचं. असा अर्ज पुढे सरकत नाही. मृत्यूचा दाखला, वारसांची संमती आणि नमुना ८ जोडून मीटरवरचं नाव आधी बदलून घ्या. हे कंटाळवाणं काम एकेका घराने वेगळं करू नये. ग्रामपंचायतीत एक दिवस ठरवून सगळ्यांचे कागद एकत्र गोळा करा, म्हणजे तालुक्याला होडीने जाणाऱ्या एकाच माणसाच्या हातात सगळा गठ्ठा देता येतो.

दुसरी गोष्ट, अनुदान नंतर येतं. आधी पॅनेल बसतात, ग्रिडला दिलेली आणि ग्रिडकडून घेतलेली वीज मोजणारा नेट मीटर लागतो, तपासणी होते, मग पैसे खात्यात जमा होतात. तीन किलोवॅटला दीड ते दोन लाखांच्या घरात खर्च येतो, तो मधल्या काळात कुणीतरी घालावा लागतो. दोन लाखांपर्यंतचं कर्ज या योजनेत तारणाशिवाय मिळतं, ते घ्या. विक्रेता पोर्टलवर नोंदलेलाच हवा आणि पॅनेल भारतीय बनावटीचीच, नाहीतर अनुदान बुडतं.

पण पॅनेल मोजायच्या आधी पंखे मोजा, हे मी हात जोडून सांगते. जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास वीज खातो, कमी वीज खाणारा नव्या मोटरचा बीएलडीसी पंखा तीसेक वॅट. चार पंखे रोज बारा तास फिरले तर दिवसाला दोन युनिट वाचतात. एक किलोवॅटचं पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला चार युनिट देतं. म्हणजे दहा-बारा हजारांच्या चार पंख्यांनी अर्ध्या किलोवॅटचं काम केलं, आणि तेही पावसाळ्यात, जेव्हा पॅनेल अर्ध्यावर येतं. पंख्यांना अनुदान नाही, पण महिला बचत गटाच्या अंतर्गत कर्जात एवढी रक्कम सहज बसते. मग दोन किलोवॅटमध्ये भागणाऱ्या घराने तीनचं कर्ज डोक्यावर घ्यायची गरज उरत नाही.

सार्वजनिक वीज हा वेगळा हिशेब आहे. पाण्याचा पंप, रस्त्यावरचे दिवे, शाळा, अंगणवाडी यांचा भार एकाच प्रस्तावात कोंबू नका. वित्त आयोगाच्या निधीतली ठरावीक रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित असते (पंधराव्या आयोगात, २०२१-२६ साठी, ती ६० टक्के होती); पंपाचं सौर त्यातून मागा. दिवे अबंधित रकमेतून. शाळेसाठी कंपन्यांकडे जा. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि उरण तालुक्यात तर ओएनजीसीसारखी कंपनी दारातच आहे. पत्र एका पानाचं ठेवा: भार किती, बिल किती, जागा कुणाची, ग्रामसभेचा ठराव क्रमांक काय. सोबत छताचा फोटो लावा. घारापुरीत लेणी संरक्षित असल्याने स्मारकापासून किमान १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे किमान २०० मीटर नियंत्रित क्षेत्र आहे. जागा त्यात येत असेल तर पुरातत्त्व खात्याला आधी लेखी विचारा, तो कागद नसेल तर पैसा मंजूर होऊनही काम अडतं.

अंदाजपत्रकात मुख्य भूमीचा दर जसाच्या तसा उतरवला, तर ठेकेदार एक तर कामाला येत नाही, नाहीतर सामान हलकं टाकतो. होडीचं भाडं आणि धक्क्यापासून वरपर्यंतची हमाली वेगळ्या ओळीत लिहा. गंजाचाही खर्च धरा. खाडीलगतच्या एका शाळेच्या छतावर मी पॅनेल पाहिले होते. काच लख्ख, वायरिंग नीट, पण साध्या लोखंडी नट-बोल्टांचा भुगा होऊन बोटाला लागत होता आणि एक कोपरा वाऱ्याने उचलला गेला होता. म्हणून सांगाडा हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून थर दिलेला), नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे, पॅनेल खाऱ्या हवेची चाचणी झालेले, हे तिन्ही शब्द निविदेत हवेत. तोंडी सांगितलेलं बिलाच्या वेळी कुणी मानत नाही.

आता दुरुस्तीचा पैसा. तो कुठलीच योजना नीट देत नाही, आणि बेटावरची सौरवीज बहुतेक वेळा इथेच मरते. स्कॉटलंडच्या एग बेटाकडे पाहावं. शंभरही माणसं नसलेल्या वस्तीने १९९७ मध्ये बेट विकत घेतलं आणि फेब्रुवारी २००८ मध्ये पाणी, वारा, ऊन यांवर चालणारी स्वतःची वीज कंपनी सुरू केली. भांडवलाचा मोठा भाग बाहेरून आला, पण शिस्त त्यांची स्वतःची. घराला एकावेळी जास्तीत जास्त पाच किलोवॅट, धंद्याला दहा, आणि देखभाल करायला बेटावरचीच प्रशिक्षित माणसं. पाच किलोवॅट आपल्याला उदंड वाटेल. घ्यायची ती मर्यादा घालायची पद्धत.

सामाईक पंप आणि दिव्यांसाठी ग्रामपंचायतीने वेगळं बँक खातं उघडावं, दोन सह्यांचं, त्यातली एक बचत गटाच्या बाईची. दर घराने महिन्याला ठरलेली छोटी रक्कम भरायची, पावती घ्यायची, आणि जमाखर्च दर ग्रामसभेत वाचायचा. त्यातून गावातल्या दोन तरुणांना, शक्य तर एका मुलीलाही, इन्व्हर्टर आणि अर्थिंगचं प्रशिक्षण द्या. एक इन्व्हर्टर बदलण्याइतकी रक्कम साठेपर्यंत त्या खात्याला हात लावू नका.

वेळेचंही सांगते. जून ते सप्टेंबर होड्यांचा भरवसा नाही, म्हणून हे महिने कागदांसाठी ठेवा: नावबदल, भाराची यादी, छतांची मोजमापं. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव घ्या आणि २ ऑक्टोबरच्या सभेत कामं ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात चढली की नाहीत ते स्वतः वाचून बघा. सामान दिवाळीनंतर उतरवा, म्हणजे मार्चअखेर निधी परत जायच्या आत बिलं निघतात.