मांजराने पकडलेला साप: पहिल्या 24 तासांत काय करावं

मांजराच्या तोंडातून सुटलेला साप सरपटत निघाला की वाटतं, वाचला. इथेच घात होतो. मांजराचे सुळे बारीक आणि अणकुचीदार असतात. वरून टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसतं, पण दात आत स्नायूत, कधी थेट फुप्फुसात गेलेला असतो. मांजराच्या तोंडात पाश्चुरेलासारखे जिवाणू असतात. ते त्या भोकातून आत शिरतात, वरची कातडी बुजते आणि आत पू धरतो. सापाचा पू पातळ होऊन वाहून जात नाही, त्याचा घट्ट गोळा बनतो. म्हणून जखम दिसो वा न दिसो, मांजराच्या तोंडी सापडलेला प्रत्येक साप 24 तासांच्या आत पशुवैद्याकडे पोहोचायला हवा, आणि शक्यतो सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्याकडे. त्याच दिवशी झुडपात सोडून देऊ नका.

आधी मांजराला खोलीत बंद करा. मग साप ओळखा, तोही लांबूनच. बिनविषारी असल्याची पक्की खात्री नसेल तर हात लावू नका. सर्पमित्राला किंवा वन्यजीव बचाव केंद्राला बोलवा आणि ते येईपर्यंत 2-3 मीटरवरून नजर ठेवा. निपचित पडलेलाही चावू शकतो. मेलेल्या सापाचं डोकंसुद्धा काही काळ चावा घेऊ शकतं.

साप नक्की बिनविषारी असेल तर हातमोजे घालून त्याच्यावर टॉवेल टाका आणि दोन्ही हातांनी, अंगाला दोन-तीन ठिकाणी आधार देत उचला. शेपटीला धरून लटकवू नका. कण्याला इजा झाली असेल तर त्या हिसक्याने ती वाढते. मान दाबून धरायचीही गरज नाही.

ठेवायला घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा किंवा जाड पुठ्ठ्याचा खोका चालतो. हवेसाठी भोकं आतून बाहेर पाडा, म्हणजे धारदार कडा सापाला लागत नाहीत. भोक सापाच्या डोक्यापेक्षा बरंच लहान हवं, पिल्लू फार बारीक फटीतूनही निसटतं. तळाला साधा टिशू पेपर घाला. माती किंवा लाकडाचा भुसा जखमेत चिकटतो. जखमेवर माश्या बसून अळ्या पडतात, म्हणून डबा माश्यांपासून दूर ठेवा. अंधार आणि शांतता ही इथे औषधाइतकीच महत्त्वाची. दर दहा मिनिटांनी झाकण उघडून पाहू नका.

आता ऊब. सापाची प्रतिकारशक्ती बाहेरच्या तापमानावर चालते. गारठलेल्या सापाचं शरीर जंतूंशी लढत नाही आणि औषधही नीट भिनत नाही. डब्याच्या एका बाजूला साधारण 26 ते 30 अंश सेल्सिअस असू द्या, दुसरी बाजू थोडी गार, म्हणजे जागा त्याला निवडता येते. कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून डब्याला बाहेरून टेकवली तरी पुरे. डबा उन्हात ठेवू नका. बंद डब्यात काही मिनिटांत साप भाजून मरतो.

जखमेच्या बाबतीत, वैद्य काही तासांत मिळणार असेल तर काहीही करू नका. उशीर होणार असेल तरच 1 लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ विरघळवून त्याने जखम हलकेच धुवा. सापाच्या पुढच्या भागात हृदय आणि फुप्फुस असतं, तिथल्या भोकात पाणी सोडू नका, फक्त वरून पुसा. भोकातून बुडबुडे येत असतील तर फुप्फुस फाटलेलं आहे, तेव्हा सापाला लगेच वैद्याकडे न्या. आतडं बाहेर आलं असेल तर मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापडाने झाका, आत ढकलू नका. रक्त वाहत असेल तर 5 मिनिटं हलका दाब द्या. उघड्या जखमेवर 10 टक्के पोव्हिडोन आयोडीनचा 1 भाग 10 ते 20 भाग पाण्यात मिसळून लावता येतो. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि वेदनाशामक मलमं नकोत. माणसाच्या प्रतिजैविक गोळ्या तर अजिबात नकोत. सापाचं शरीर औषध इतकं सावकाश बाहेर टाकतं की सेफ्टाझिडीमसारख्या प्रतिजैविकाचं इंजेक्शन त्याला साधारण 72 तासांच्या अंतराने देतात. मात्रा आणि अंतर वैद्यानेच ठरवायचं.

अंगाचा मागचा भाग फरफटत असेल, अंग मध्येच वाकडं झालं असेल किंवा जबडा लोंबत असेल, तर तसं वैद्याला सांगा. सरळ करायला जाऊ नका.

खायला काही देऊ नका. जखमी साप खाल्लेलं पचवू शकत नाही, उलटून टाकतो. आठवडाभर उपाशी राहिल्याने त्याचं बिघडत नाही. उथळ वाटीत पाणी ठेवा, पण तोंडात ओतू नका, कारण श्वासनळीचं तोंड जिभेच्या जवळच असतं. साप मेल्यासारखा वाटला तरी लगेच पुरू नका. गारठलेला साप तसाच दिसतो, आणि काही जाती धोक्यात मेल्याचं सोंग घेतात. उबेत काही तास ठेवून पाहा.

मांजराकडेही बघा. सूज, लाळ, उलटी, लटपट किंवा मोठ्या झालेल्या बाहुल्या दिसल्या तर त्याला ताबडतोब वैद्याकडे न्या. साप हाताळल्यावर साबणाने हात धुवा, कारण त्याच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो.

सापाला सोडायची वेळ वैद्य ठरवेल. खोल जखम भरायला आठवडे लागतात. जिथे सापडला त्याच्या काही शे मीटरच्या आतच, आडोशाजवळ सोडा. दूर नेलेला साप ओळखीचा आसरा शोधत भटकतो आणि बरेचदा मरतो. दिनचर असेल तर सकाळी, निशाचर असेल तर संध्याकाळी सोडा, आणि त्या दिवसांत मांजर घरातच ठेवा.