पाणथळ जास्वंद: मे संपेपर्यंत ठोंब उकरू नका

उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात दलदलीत आणि ओढ्याकाठी आपसूक वाढणारी जास्वंद (हिबिस्कस मॉश्युटॉस) ज्यांच्या परसात आहे, त्यांच्यासाठी एप्रिल-मे हा धीर धरायचा काळ. आजूबाजूला सगळं हिरवंगार झालेलं असतं आणि हिच्या जागी नुसत्या वाळक्या काटक्या. ही जास्वंद थंडीत जमिनीपर्यंत वाळते आणि माती चांगली तापल्यावरच फुटते. थंड भागात त्यासाठी मेचा शेवटही उजाडतो. झाड गेलं असं समजून मी एकदा खोरं घातलं, तर मातीखाली दोन बोटांवर टपोरे कोंब तयार होते आणि त्यातला एक माझ्याच हातून मोडला. तेव्हापासून जुन्या काड्या मी मुळापासून कापत नाही. जमिनीपासून १५ सेंमीवर छाटते. खूण राहते आणि तिथे चुकून दुसरं काही लावलं जात नाही.

नवीन रोप लावायचं असेल तर दिवसाला किमान ६ तास ऊन मिळेल अशी जागा निवडा. सावलीत पानं वाढतात, फुलं येत नाहीत. एरवी झाडं लावताना आपण निचरा बघतो, इथे उलट करायचं. पागोळ्यांचं पाणी साचतं तो कोपरा, तळ्याचा काठ, बागेतली जड ओली माती, हे सगळं तिला मानवतं. उन्हाळ्यात बुंध्याशी बोटभर पाणी उभं राहिलं तरी बिघडत नाही. कोरड्या वाफ्यात लावलीत तर शेणखत किंवा कंपोस्ट भरपूर मिसळा, वर पालापाचोळ्याचं जाड आच्छादन द्या आणि माती सुकू देऊ नका. पाणी कमी पडलं की आधी कळ्या गळतात. झाड दीड-दोन मीटर वाढतं, म्हणून दोन रोपांत ९० सेंमी अंतर ठेवा.

बियांचं कवच टणक असतं. पॉलिश पेपरवर (सँडपेपर) बी एका बाजूला हलकं घासा, रात्रभर कोमट पाण्यात भिजवा आणि १ सेंमी खोल पेरा. उबदार जागी दोनेक आठवड्यांत उगवण होते. साठवलेल्या बियांना बारीक भोकं दिसली तर ती टाकून द्या, आत भुंगेऱ्याने गर खाल्लेला असतो. कोवळ्या फांदीचं बोटभर लांब कलम मात्र पाण्यातही सहज मुळं धरतं. नवख्यांनी तेच करावं. रानातून रोपं उपटून आणू नका. हिचीच टेक्सासमधली एक बहीण, हिबिस्कस डॅसिकॅलिक्स, २०१३ पासून संकटग्रस्त म्हणून कायद्याच्या संरक्षणाखाली आहे.

कोंब वीतभर झाले की शेंडा एकदा खुडा. फुटवे वाढतात, फुलंही वाढतात.

जूनपासून पानं उलटून बघायची सवय लावा. पानाची जाळी झालेली दिसली तर खाली काळ्या डोक्याच्या हिरव्या, बारीक अळ्या असतात. त्या सॉफ्लायच्या, म्हणजे गांधीलमाशीच्या कुळातल्या एका किड्याच्या अळ्या. फुलपाखराच्या अळ्यांसाठीचं बीटी (जिवाणूपासून केलेलं कीटकनाशक) त्यांच्यावर चालत नाही, हे लक्षात ठेवा. अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाका, किंवा कीटकनाशक साबण पानाच्या खालच्या बाजूने फवारा. मुळातून शोषलं जाणारं विष मात्र कधीच देऊ नका. ते फुलाच्या परागात उतरतं आणि याच परागावर टिलोथ्रिक्स नावाची एक एकलकोंडी मधमाशी पिल्लं वाढवते. तिची मादी पाण्यावर अलगद उतरते, तोंडात पाणी घेते आणि कडक माती भिजवून बीळ खणते. तळ्याकाठी सकाळी थोडा वेळ शांत बसलात तर दिसेल.

जुलैपासून फुलं सुरू होतात. ताटलीएवढं, पांढरं किंवा गुलाबी, मधोमध लालभडक डोळा. एक फूल एकच दिवस टिकतं, पण कळ्यांची रांग सप्टेंबरपर्यंत चालते. बोंडं वाळून तपकिरी झाली की फुटण्याआधी काढा आणि बी कागदी पाकिटात ठेवा.