दिवे जागेवर, कॅमेरा फिरता

सांगलीत साडेसातनंतर कृष्णेच्या घाटावर या. समोर १९२९ सालचा आयर्विन पूल, त्यावर दिवे लागलेले, खाली काळं पाणी, वर काळं आभाळ. एरवी फोटो काढताना हात हलू नये म्हणून आपण श्वास रोखतो. इथे कॅमेरा मुद्दाम हलवायचा. शटर म्हणजे कॅमेऱ्यात उजेड आत सोडणारा पडदा; तो उघडा असताना कॅमेरा फिरला की प्रत्येक दिवा फोटोत एक रेघ ओढतो.

आधी सेटिंग. मॅन्युअल मोड, आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक) एफ ११, शटर २ सेकंद उघडं. एखाद्या दिव्यावर फोकस करून फोकस मॅन्युअलवर टाका, नाहीतर अंधारात लेन्स चाचपडत बसते. स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय, बंद. मोबाइल असेल तर प्रो मोड घ्या, त्यात ही सेटिंग हाताने ठरवता येतात. नाइट मोड बिचारा तुमचा हात स्थिर करायलाच धडपडतो. ट्रायपॉड घरी ठेवा, पट्टा मात्र गळ्यात हवाच. मी पहिल्या दिवशी पट्ट्याशिवाय गिरकी दिली आणि लेन्सचं हूड दगडी पायरीवर आपटलं. टवका अजून आहे.

सुरुवात सोपी करा. शटर दाबा, एक सेकंद हात गच्च धरा, मग मनगटातून कॅमेरा झटकन वर न्या. पूल ओळखू येतो आणि दर दिव्याला शेपूट फुटतं. झूम लेन्स असेल तर कॅमेरा स्थिर ठेवून शटर उघडं असताना झूमची रिंग फिरवा. रेघा मधून चहूकडे पांगतात. किंवा कॅमेरा स्टिअरिंगसारखा वळवा. मधला दिवा ठिपकाच राहतो, कडेचे मोठाले कंस काढतात.

नवखे एक चूक हमखास करतात: दोन्ही हात लांब करून अख्खा कॅमेराच डावीउजवीकडे सरकवतात. पूल दूर आहे, त्याला त्या फूटभराचं काय? रेघ जेमतेम उमटते. कॅमेरा सरकवायचा नाही, त्याचं तोंड वळवायचं.

हे जमलं की अक्षर काढून पाहा. लेन्सच्या तोंडाने हवेत ‘ग’ गिरवा. कॅमेरा उजवीकडे वळला की दिवा फोटोत डावीकडे पळतो, वर गेला की खाली. त्यामुळे ‘ग’ उलटा दिसेल. घाबरू नका, फोटो १८० अंशांत फिरवा, सरळ वाचता येतो. गंमत म्हणजे चौकटीत वीस दिवे असतील तर वीस ‘ग’ येतात, सगळे एकाच वळणाचे. म्हणून अक्षर काढताना दोन-तीनच दिवे चौकटीत घ्या, नाहीतर नुसता गुंता होतो.

रेघ फिकी आली तर शटरचा वेळ वाढवून फायदा नाही. रेघेचा उजेड हाताच्या वेगावर असतो: हात सावकाश फिरवा किंवा एफ ८ वर या, म्हणजे लेन्सचं भोक मोठं होतं. शटरचा वेळ वाढवला तर फक्त रेघ लांबवायला वेळ मिळतो आणि मागचं आभाळ उजळतं.

गणपती पेठेत गणेशोत्सवात किंवा दिवाळीत घरच्या गॅलरीत एलईडीची स्वस्तातली माळ दिसली तर तिच्यावरून कॅमेरा जरूर फिरवा. आपली वीज ५० हर्ट्झची. साध्या सर्किटची माळ तिच्या तालावर सेकंदाला ५० किंवा १०० वेळा उघडझाप करते. डोळ्याला ते कळत नाही, पण फोटोत रेघेऐवजी ठिपक्यांची रांगोळी येते. मला तरी सरळ रेघांपेक्षा तीच आवडते.