खांब मोजण्याआधी तारीख बघा

अमेरिकेत इतिहास किंवा राज्यशास्त्र शिकायला आलात की जुनी राजकीय व्यंगचित्रं लवकरच समोर येतात. संघ सरकारला किती अधिकार आणि राज्यांना किती, हा इथला पहिल्यापासूनचा वाद, आणि तो चित्रांतून फार हिरिरीने लढला गेला. बहुतेक जण लगेच खुणांचे अर्थ लावायला बसतात. त्याआधी तारीख आणि वर्तमानपत्र बघा.

बेंजामिन फ्रँकलिनच्या वर्तमानपत्रात मे १७५४ मध्ये छापलेला तुकड्यातुकड्यांचा साप वसाहतींना सांगत होता, फ्रेंचांविरुद्ध एक व्हा. वीस वर्षांनी तोच साप ब्रिटनविरुद्ध उभा राहिला.

मला सर्वांत जास्त शिकवलं ते १७८८ च्या खांबांनी. एकेक राज्य संविधानाला मंजुरी देत गेलं, तसतसे बोस्टनच्या ‘मॅसॅच्युसेट्स सेंटिनेल’मध्ये खांब वाढत गेले. महाराष्ट्रातून येणाऱ्याने इथे जरा थांबावं. आपलं राज्य १ मे १९६० रोजी संसदेच्या कायद्याने झालं, त्यामुळे केंद्र आधी आणि राज्य नंतर हे आपल्या डोक्यात पक्कं असतं. इथे राज्यं आधी होती, त्यांच्या संमतीवर संघ उभा राहिला. म्हणूनच चित्रकाराने राज्यांना खांब केलं.

आता चित्रात काय नाही ते शोधा. खरा अभ्यास इथेच आहे. जानेवारीच्या चित्रात ढगातून आलेला हात मॅसॅच्युसेट्सचा खांब उभा करतोय. प्रत्यक्षात तिथलं मतदान अजून व्हायचं होतं. फेब्रुवारीत ते झालं, तेव्हा मतं पडली १८७ विरुद्ध १६८. इतकी चुरस असताना चित्रात मात्र दैवी हात! वर्तमानपत्र संविधानाच्या बाजूचं होतं. बलाढ्य संघ सरकार राज्यांना गिळेल ही विरोधकांची भीती त्या चित्रात कुठेच नाही, पण त्याच भीतीतून पुढे १७९१ मध्ये दहावी दुरुस्ती आली आणि संघाकडे न सोपवलेले अधिकार राज्यांकडे किंवा जनतेकडे राहिले.

ऑगस्टच्या चित्रात ऱ्होड आयलंडचा खांब मोडलेला दिसतो. ‘हे राज्य दुबळं होतं’ असं उत्तरात लिहू नका. त्या राज्याने मार्चमध्ये थेट लोकांचं मत घेऊन संविधान नाकारलं होतं. मंजुरी दिली ती मे १७९० मध्ये, ३४ विरुद्ध ३२ मतांनी. हे दोन आकडे आणि तो मोडका खांब उत्तरात शेजारी शेजारी ठेवा. शिक्षकांना तेच वाचायचं असतं.