किलिंग फॉर्मने हात टेकले तेव्हा

जळगावात एमएस्सीच्या पोरांबरोबर बसलो असता ऑसिलेटर अल्जिब्रा या लाय अल्जिब्रापाशी (दोन घटकांचा कंस [क्ष, य] हाच जिथे गुणाकार, अशी रचना) गाडी अडली. हवा होता तिच्यावरचा कंसाशी जुळणारा सममित फॉर्म (दोन घटकांवरून एक संख्या देणारा नियम), तोही नॉन-डिजनरेट, म्हणजे शून्याखेरीज कोणताही घटक सगळ्यांशी शून्य देणार नाही असा. पाया चार घटकांचा: डी, पी, क्यू, सी. [डी, पी] = क्यू, [डी, क्यू] = −पी, [पी, क्यू] = सी; सी केंद्रात, म्हणजे सीचा कुणाशीही कंस शून्य. नेहमीचा उमेदवार किलिंग फॉर्म (दोन घटकांशी लागोपाठ कंस घेण्याच्या क्रियेचा ट्रेस, म्हणजे तिच्या मॅट्रिक्सच्या कर्णावरची बेरीज); पण त्याच्या मॅट्रिक्समध्ये डी-डीच्या खान्यात −२ आणि बाकी पंधरा खाने शून्य! चोपड्याकडचा पोरगा म्हणाला, "सर, आते काय?"

ही अल्जिब्रा सॉल्व्हेबल (कंसांचे कंस घेत गेलं की शेवटी शून्यच उरतं), म्हणजे कार्टनच्या निकषानुसार इथे किलिंग फॉर्म डिजनरेटच असणार. म्हणून ट्रेसचा नाद सोडला. सममित फॉर्म बी अज्ञात धरला आणि बी([क्ष, य], र) = बी(क्ष, [य, र]) ही अट एकेका तिकडीला लावत गेलो. काम कंटाळवाणं, पण फळलं: बी(पी, पी) = बी(क्यू, क्यू) = बी(डी, सी), बी(डी, डी) हवी ती, बाकी सगळं शून्य. समान किंमत १ घेतली की फॉर्म नॉन-डिजनरेट.

आता मी आधी एक चाळणी लावतो. असा फॉर्म असेल तर केंद्र आणि डिराइव्ह्ड अल्जिब्रा (सगळ्या कंसांनी व्यापलेला भाग) यांच्या मितींची बेरीज एकूण मितीइतकी यायलाच हवी. इथे १ + ३ = ४. हायझेनबर्गच्या तीन मितींच्या अल्जिब्रात (फक्त पी, क्यू, सी) १ + १, म्हणजे तिथे शोधायलाच जाऊ नका. (उलट दिशेने मात्र ही चाळणी हमी देत नाही.)

पोरांना पुढचं वाचायला दिलं ते मेदिना आणि रेव्हॉय यांचं १९८५ मधलं डबल एक्स्टेन्शन (असा फॉर्म असलेल्या अल्जिब्राला घटक जोडून तसाच फॉर्म असलेली मोठी अल्जिब्रा बनवण्याची रीत): पी-क्यूच्या साध्या प्रतलाला डी आणि सी जोडले की हीच अल्जिब्रा तयार होते.